पोटविकारांचं हॉस्पिटल, जळगाव : चार तारे, पाचवा का कापला ते खाली

नाव लिहीत नाही. एक तर तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि दुसरं, वर्षातून एकदा मला तपासायला तिथंच जायचंय. चार मजली इमारत, खाली मेडिकल, वर थिएटर, समोर गाडी लावायला जागा नाही. एवढ्या वर्णनात जळगावातली निम्मी हॉस्पिटलं बसतात, तेव्हा कुणाचं नाव खराब व्हायची भीती नाही.

मी चोपड्याचा. केळीच्या व्यापाऱ्याकडं हिशेबाला आहे. कापणीच्या पावत्या, गाडीभाडं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हेच माझं काम. वय एकतीस. त्यातली तीस वर्षं पोट साफ न होण्यात गेली. साफ न होणं म्हणजे सकाळी जरा वेळ लागणं नव्हे. आठ दिवसांतून एकदा, कधी दहा दिवसांतून एकदा, आणि तेही एनिमा घेतल्यावर. शाळेत मला ‘माठ’ म्हणायचे, डोक्यावरून नाही, पोटावरून.

केळीच्या मुलखात राहून पोट साफ होत नाही असं सांगितलं की समोरच्याला केवढा आनंद होतो! ‘रात्री दोन केळी खा भो, दुधात कुस्करून.’ मी रोज तीन-चार गाड्या केळी वहीवर चढवतो आणि मला केळ्याचा सल्ला. केळी खाल्ली, इसबगोल खाल्लं, त्रिफळा, एरंडेल, गरम पाण्यात तूप, बाटलीतलं गोड औषध, पुडीतली पावडर, सगळं झालं. एका ठिकाणी आतड्याचा टीबी असेल म्हणून सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी लाल व्हायची, पोट होतं तिथंच. दुसरीकडं दुर्बीण घालून पाहिलं. रिपोर्टात अस्तर चांगलं, फक्त आतडं फार मोठं झालंय. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. तिसऱ्या ठिकाणी तर फुगलेला भाग कापून टाकू म्हणाले. पाच हजार भरलेही होते. ऐन वेळी त्यांचे भूल देणारे डॉक्टर बाहेरगावी गेले आणि ऑपरेशन राहिलं. त्या भूलतज्ज्ञांना मी ओळखत नाही, पण दिवाळीला त्यांची आठवण काढतो. का ते पुढं येईल.

या हॉस्पिटलात मी रात्री सव्वादोनला आलो, डिसेंबरात, मालकाच्या पिकअपमध्ये आडवा पडून. अकरा दिवस काही नव्हतं, वारासुद्धा सरत नव्हता आणि उलटीला आता शेणासारखा वास यायला लागला होता. रात्रीच्या सेवेला पाचपैकी पाच. दाराशी पैशाचं विचारलं नाही. नाकातून नळी, हाताला सलाईन, खालून एक जाड नळी, आणि उभ्यानं एक्स-रे, हे सगळं अर्ध्या तासात. खालची नळी आत सरकली आणि जे काही सुटलं त्यानं वॉर्डातले दोन नातेवाईक बाहेर गेले. सिस्टरच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. म्हणाली, ‘दादा, होऊ द्या, इथं त्यासाठीच येतात.’

पुढचे तीन दिवस ती रोज नळीनं आतडं धुवायची, आणि दरवेळी सलाईनच वापरायची. मी म्हटलं, आमच्याकडं कंपाउंडर साबणाचं पाणी द्यायचा. तिनं हातातलं काम थांबवलं. इतक्या फुगलेल्या आतड्यात साधं पाणी अडकून राहिलं तर ते रक्तात शोषलं जातं आणि मीठ पातळ होतं, माणूस बेशुद्धही पडू शकतो, म्हणाली. मला दोनदा एनिमानंतर गरगरून उलट्या झाल्या होत्या. आम्ही ते अशक्तपणावर घातलं होतं.

आता सर्जनविषयी. मी ‘सर’ म्हणतो. ओपीडीत त्यांच्यासाठी दोन-दोन तास बसावं लागतं, थिएटरमधून उतरतात तेव्हा त्यांच्या टोपीचा वळ कपाळावर असतो. पण एकदा समोर बसले की उठायची घाई नसते. चौथ्या दिवशी त्यांनी माझी जुनी फाईल, म्हणजे तीन ठिकाणची मिळून साधारण पाऊण किलो कागद, बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘त्रास कधीपासून?’

मी म्हटलं, लहानपणापासून.

‘लहानपणापासून म्हणजे कधी? जन्मल्यावर पहिली शी कधी झाली?’

हे मला कसं माहीत असणार? आई मी चार वर्षांचा असताना गेली. घरात सांगू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी मोठी माय, वडलांची आई. सर म्हणाले, लावा फोन. तिथंच, टेबलावर, स्पीकरवर. ते मूळचे इकडचेच, त्यांना अहिराणी कळते.

‘मोठी माय, मी जन्मनू तवय माले पहिली शी कवय व्हयनी?’

‘तुले आज काबर आठवनं रे भाऊ?’

मग ती बोलायला लागली आणि थांबेना. ‘तीन दिन काहीच नही. पोट नगारागत टमटम फुगनं व्हतं. सुईननी पानना देठ तेलमा बुडाईसन लावा, तवय कोठे मोकळं व्हयनं. तुन्ही माय रडी रडी अर्धी व्हयनी व्हती.’

सरांनी कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. निरोगी बाळाला ती पहिली काळी शी बहुधा चोवीस तासांत होते, अठ्ठेचाळीस तासांच्या पुढं गेली तर शोध घ्यायचा असतो. तीस वर्षांत तीन हॉस्पिटलं, एक वैद्य आणि एक पोट चोळणारा बाबा यांनी जे विचारलं नाही ते मोठ्या मायनं दोन मिनिटांत सांगून टाकलं. नागवेलीच्या पानाचा देठ माझ्या केस-पेपरवर आहे, इंग्रजीत.

आजाराचं नाव हर्शस्प्रुंग. हॅराल्ड हर्शस्प्रुंग हे कोपनहेगनचे मुलांचे डॉक्टर. त्यांनी १८८६ मध्ये बर्लिनला डॉक्टरांच्या सभेत अशा दोन मेलेल्या बाळांची हकीकत सांगितली. आतडी भयंकर फुगलेली, म्हणून त्या काळी सगळ्यांनी दोष फुगलेल्या भागावर ठेवला. प्रत्यक्षात ते उलटं आहे, आणि हे मला सरांनी एक्स-रे उजेडावर धरून समजावलं. फुगलेला भाग चांगला आहे. बिघडलेला आहे तो त्याच्या खालचा, बारीक दिसणारा, साधासुधा, कुणाचं लक्षच जात नाही असा तुकडा.

मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं. आतड्याच्या भिंतीत बारीक मज्जापेशी असतात, त्या आतड्याला सांगतात, आता आवळ, आता सैल हो. बाळ पोटात असताना साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी वरून खाली चालत येतात, अन्ननळीकडून गुदाशयाकडं. पाटाचं पाणी जसं वाफ्यावाफ्यानं खाली जातं तसं. माझ्यात ते पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलंच नाही. पाटावर शेत असलेल्याला टेलच्या, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या, माणसाचं दुःख सांगायला नको. शेवटचा तुकडा कोरडा राहिला, म्हणजे तो सैल व्हायला शिकलाच नाही, कायम आवळलेला. वरचं आतडं बिचारं ढकलत राहिलं, ढकलून ढकलून जाड झालं, फुगलं. दोष टेलचा, नाव वरच्याचं. तिसऱ्या हॉस्पिटलात जर फुगलेलाच भाग कापला असता तर बारीक तुकडा खाली तसाच राहिला असता आणि काही वर्षांत पुन्हा तेच. भूलतज्ज्ञांची आठवण काढतो ती यासाठी.

साधारण पाच हजार जन्मांत एकाला हे असतं, मुलींपेक्षा मुलांत चौपट. बहुतेकांचं बाळपणीच सापडतं. ज्याचा तुकडा छोटा असतो तो माझ्यासारखा एनिम्यावर मोठा होतो.

एवढं सगळं कळूनही सरांनी कापायची घाई केली नाही, आणि मी पैसे कशाचे दिले असं विचाराल तर मुख्यतः याचे. फोनवरच्या आजीवर विश्वास ठेवून आतडं कापत नाहीत, म्हणाले. आधी पुरावा.

पहिला पुरावा बेरियमचा फोटो, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध आतड्यात सोडून काढलेला. त्यासाठी सांगितलं, चार दिवस आधीपासून धुणं बंद, पोट साफ करून येऊ नका. सगळीकडं उलटं सांगतात! पण धुऊन आलो तर बारीक भाग आणि फुगलेला भाग यांतला फरक पुसट होतो म्हणे. तंत्रज्ञानं कुशीवर झोपवून नळीनं पांढरं पाणी सोडलं आणि पडद्यावर मला दाखवलं. खाली करंगळीएवढी वाट, मग नरसाळ्यासारखी पसरत गेलेली, आणि वर मांडीएवढं आतडं. दुसऱ्या दिवशी परत बोलावून आणखी एक फोटो काढला, तर पांढरं सगळं तिथंच बसलेलं.

दुसरा पुरावा दाबाच्या तपासणीचा. ती मशीन या हॉस्पिटलात नाही, नाशिकला जावं लागलं. एवढी मोठी पाटी ‘पोटविकार’ म्हणून लावता तर ती मशीन ठेवा की. एका दिवसाचा खाडा, रेल्वेत उभ्यानं प्रवास, पोटाचा माठ घेऊन. तपासणी मात्र दुखत नाही. आत छोटा फुगा घालून फुगवतात. चांगल्या माणसात फुगा फुगला की खालचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो, पडद्यावरची रेघ खाली येते. माझी रेघ हललीच नाही. तिथली मुलगी तीनदा फुगवून पाहत होती, मग म्हणाली, ‘काका, झालं.’ एकतिसाव्या वर्षी काका!

तिसरा, खरा पुरावा म्हणजे तुकडा तपासणं. कमरेत सुई देऊन कमरेखाली भूल, आणि गुदाशयाच्या मागच्या भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा. नुसतं अस्तर नाही, स्नायूसकट, कारण पेशी स्नायूच्या थरात बघायच्या असतात. मोठ्या माणसात लहान बाळासारखं नुसतं खेचून घेतलेलं अस्तर बहुतेक वेळा पुरत नाही. तेही गुदद्वाराच्या आतल्या रेषेपासून निदान दोन सेंटिमीटर वरून. अगदी खाली चांगल्या माणसातही या पेशी विरळ असतात, तिथला तुकडा फसवतो. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले, खास रंगाची परीक्षा मुंबईच्या लॅबमध्ये झाली. रिपोर्टात दोनच गोष्टी होत्या. गँग्लिऑन पेशी, म्हणजे त्याच मज्जापेशी, नाहीत. मज्जातंतूंच्या जाड दोऱ्या आहेत. मी तो कागद मोबाइलवर काढून ठेवलाय. लोक लग्नाचे फोटो ठेवतात.

इथं थोडं विम्याचं सांगतो, कारण खरा रक्तदाब तिथंच वाढला. पॉलिसी पाच वर्षं जुनी. कंपनीचं नाव नको. पहिलं उत्तर आलं, आजार जन्मजात आहे, दावा विचाराधीन. हॉस्पिटलच्या विमा-टेबलावर जो मुलगा बसतो त्यानं मला तीन दिवस ‘मेल टाकलाय’ एवढंच ऐकवलं. चौथ्या दिवशी मी स्वतः पॉलिसीचं पुस्तक वाचलं; हिशेबाचा माणूस आहे, बारीक अक्षराला भीत नाही. त्यात विमा नियामकाच्या व्याख्या छापलेल्या असतात. जन्मदोष दोन प्रकारचे : बाहेरून दिसणारा तो एक्स्टर्नल, न दिसणारा तो इंटर्नल. माझं आतडं बाहेरून दिसत नाही. (माठ दिसतो, पण तो आतड्याचा परिणाम.) सरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं : दोष अंतर्गत आहे, निदान पहिल्यांदा याच महिन्यात झालंय, त्यामुळं रुग्णानं आधी लपवण्याचा प्रश्न येत नाही. ते पत्र गेलं आणि दोन दिवसांत मंजुरी आली. पिशव्यांचे, हातमोज्यांचे पैसे कापले, ते कापतातच. पण हे पत्र पहिल्याच दिवशी जोडायला काय हरकत होती? त्या टेबलाला पाचपैकी दीड.

ऑपरेशन एकदम होत नाही. सर म्हणाले, मांडीएवढं आतडं खाली ओढून जोडायचं म्हणजे रिकाम्या पोत्याला भरलेल्या पोत्याचं तोंड शिवायचं. आधी वरच्या बाजूला वाट काढून देऊ, फुगलेलं आतडं तीन-चार महिन्यांत आक्रसू दे. म्हणून मार्चमध्ये पोटावर स्टोमा काढला, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर आणलं, उजवीकडं, बरगडीखाली. लालभडक, ओलसर, गुलाबाच्या कळीसारखं म्हणतात, मला मात्र टोमॅटोची आठवण आली. त्यावर चिकटणारी पिशवी.

पिशवी आणि खानदेशचा मे महिना यांचं जमत नाही, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. पारा पंचेचाळीसला गेला की घामानं चिकटपट्टी सुटते. चेंबरमध्ये बसायला मिळतं म्हणून मी वाचलो, पिकवणीच्या खोलीत थंडावा असतो. मालकानं माझं टेबल त्याच्या दारापाशी हलवलं. एसटीत एकदा, अडावदच्या अलीकडं, पट्टी सुटली. शेजारच्या मावशींनी काही न बोलता त्यांच्या पिशवीतला धुतलेला टॉवेल काढून दिला आणि खिडकी उघडली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

हॉस्पिटलातली पिशवीची शिकवण मात्र फार चांगली. एक सिस्टर फक्त याच कामाला आहे. भोक किती मोठं कापायचं, कातडीला किती जवळ, रिकामी केव्हा करायची (एक तृतीयांश भरली की, पूर्ण भरायची वाट बघायची नाही), अंघोळ कशी करायची, सगळं तिनं माझ्या हातून करून घेतलं. भावाला बाहेर पाठवलं. म्हणाली, ‘तुमच्या पोटावर आहे, त्यांच्या नाही.’ मला तेव्हा राग आला होता.

मोठं ऑपरेशन जूनच्या शेवटी. आदल्या संध्याकाळी सर खाटेवर येऊन बसले आणि जे बोलले ते याआधी कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. ‘तुमचं लग्न व्हायचंय. गुदाशयाभोवती लघवीच्या आणि पुरुषत्वाच्या नसा असतात. त्या भागात कमीत कमी शिरायचं म्हणून आपण द्युहामेलची पद्धत घेतोय.’ ही पद्धत द्युहामेल नावाच्या फ्रेंच सर्जननं १९५६ मध्ये सांगितली. त्याआधी अमेरिकेत बोस्टनला स्वेन्सननं १९४८ मध्ये पहिल्यांदा दाखवून दिलं की बारीक तुकडा काढला तर रोग बरा होतो. म्हणजे हर्शस्प्रुंगनंतर साठएक वर्षं लोक चुकीच्या तुकड्याकडं बघत होते. मला जरा बरं वाटलं. माझ्या डॉक्टरांचीच काही चूक नाही, सगळ्या जगाची झाली होती.

द्युहामेलमध्ये जुना गुदाशय समोर तसाच ठेवतात, त्याच्या मागून चांगलं आतडं खाली आणतात आणि स्टेपलरनं मधली भिंत कापून दोन्हींची एकच खोली करतात. पुढची भिंत बिनपेशींची, मागची पेशींची. दोन भावांच्या वाटणीतली मधली भिंत पाडल्यासारखं. जो भाऊ काम करतो त्याच्या जिवावर घर चालतं.

पण चांगलं आतडं कुठून सुरू होतं हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. ऑपरेशन चालू असताना वरच्या कडेचा तुकडा पॅथॉलॉजीत जातो, तिथं तो गोठवून कापतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्या असा फोन आल्याशिवाय जोडायचं नाही. माझ्या वेळी पहिला फोन आला, पेशी आहेत पण कमी आहेत. सर आणखी वर गेले, दुसरा तुकडा पाठवला. तोवर सगळे हात थांबवून उभे. हे मला भूल देणाऱ्या मॅडमनी नंतर सांगितलं. ही वाट बघण्याची पंचवीस मिनिटं बिलात कुठं दिसत नाहीत.

नऊ दिवस राहिलो. आता तक्रारी, कारण या नऊ दिवसांतच त्या जमल्या.

जनरल वॉर्डात आठ खाटा आणि संडास एक. पोटविकारांच्या हॉस्पिटलात! आणि त्या एकाची कडी तुटलेली. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुटलेली, मोठ्या ऑपरेशनला तुटलेली, स्टोमा बंद करायला ऑगस्टमध्ये गेलो तेव्हाही तुटलेली. दाराच्या फटीत सलाईनची नळी अडकवून दार ओढून धरायचं आणि बाहेर भावाला उभं करायचं. लाखांत बिल घेणाऱ्यांनी चाळीस रुपयांच्या कडीवर माणसाची लाज टांगून ठेवायची, हे मला पटलं नाही. वॉर्डबॉयला सांगितलं, सिस्टरला सांगितलं, अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. कापलेला तारा आहे तो याचाच.

काउंटरवरची बाई सगळ्यांसमोर ओरडून विचारते, ‘तुम्हाला कशाचा त्रास आहे?’ मागं तीस माणसं. एक म्हातारे बाबा ‘तिकडचा’ म्हणाले, तर ही म्हणे, ‘तिकडचा म्हणजे कुठला?’ एक चिठ्ठी द्या हो लिहायला.

कँटीनची खिडकी आमच्या वॉर्डाच्या खाली उघडते. सहा दिवस सलाईनवर असलेल्या माणसाच्या नाकात सकाळी फोडणीचा, दुपारी शेवभाजीचा वास. शेजारच्या खाटेवर शहाद्याचे एक आजोबा होते, आतड्याला पीळ पडून आलेले, त्यांचं सगळं महात्मा फुले योजनेतून झालं. ते डोळे मिटून सांगायचे, ‘आज भरीत आहे. वांगं चांगलं भाजलंय.’ नव्वद टक्के बरोबर असायचे.

डिस्चार्ज सकाळी दहाचा सांगतात, कागद साडेपाचला हातात येतात. चोपड्याकडची गाडी धरायची असेल तर सकाळपासून काउंटरच्या डोक्यावर उभं राहा.

ऑगस्टमध्ये, खालच्या जोडातून गळत नाही ना याचा फोटो काढून, पोटावरचं तोंड बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर विचारत फिरत होती, ‘वारं सुटलं का?’ माझं सुटलं, तेही मोठ्यानं, आणि शहाद्याच्या आजोबांची जागा घेतलेल्या पाचोऱ्याच्या दादांनी खाटेवरून हात जोडले.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती एका विचित्र जाणिवेनं. खाली काहीतरी जड, आवळल्यासारखं, दुखत नव्हतं पण थांबायलाही तयार नव्हतं. मला वाटलं टाका सुटला. घाबरून बेल दाबली. रात्रपाळीची सिस्टर आली, पोटाला हात लावला, दोन प्रश्न विचारले आणि हसायला लागली. ‘दादा, तुम्हाला लागलीये.’

एकतीस वर्षांचा माणूस. लोक ‘लागली’ म्हणतात म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. भिंत धरत धरत गेलो, नळी अडकवली, दार धरलं. भाऊ बाहेर उभा होता. आत किती वेळ होतो आठवत नाही, पण बाहेर आलो तेव्हा तो काही न बोलता चहा आणायला गेला, आणि दोन आणले, मला चहा चालत नाही हे विसरून.

त्यानंतरचे दोन महिने गोड नव्हते. दिवसाला सात-आठ वेळा, रात्री दोनदा, कातडी सोलवटली, झिंकचं मलम लावून लावून पांढरी केली, आणि एकदोनदा कपडेही खराब झाले. सरांनी हे आधी सांगितलं होतं, त्यामुळं धक्का बसला नाही. आणखी एक गोष्ट बजावून सांगितली : ताप, पोट फुगणं आणि घाण वासाचे पातळ जुलाब एकत्र आले तर रात्र असो की दिवस, थेट यायचं, ओपीडीची वाट बघायची नाही; आतडं सुजण्याचा हा धोका ऑपरेशननंतरही राहतो. मला एकदा संशय आला, रात्री अकराला फोन केला, दुसऱ्या वाजण्याला उचलला. निघालं काही नाही, कळण्याची भाकरी आणि ठेचा जास्त झाला होता. आता दिवसाला एकदा, फार तर दोनदा. वजन अकरा किलो वाढलंय. माठ गेला, पँट सगळ्या नव्या घ्याव्या लागल्या.

खर्च चारही खेपा मिळून तीन लाखांच्या आत बसला, त्यातले वर सांगितलेले कापलेले पैसे सोडून बाकीचे विम्यानं दिले. बिल तपासून घ्या. माझ्यात दोन ठिकाणी एकच औषध दोनदा लागलं होतं, दाखवल्यावर लगेच कमी केलं, वाद घातला नाही.

जाणार असाल तर जुने एक्स-रे आणि दुर्बिणीचे रिपोर्ट न्या, बेरियमच्या आधी पोट धुऊन जाऊ नका असं ते स्वतः सांगतील, ते ऐका. मंगळवारी गर्दी कमी असते. आणि त्रास अगदी जन्मापासूनचा असेल तर तुमच्या जन्माच्या वेळी घरात जी बाई होती तिला सोबत घ्या, निदान तिचा फोन लागेल असं बघा. मोठी माय एकदा माझ्यासोबत फॉलो-अपला आली होती. सरांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. त्यांना म्हणाली, ‘साहेब, पानना देठनी फी नही लावी ना?’